भाडं एकच, मग क्रूझ घ्यायची कुणाकडून?

क्रूझचं तिकीट विकणारे शंभर असतात. भाव ठरवणारी मात्र एकटी जहाजकंपनी. कॅरिबियन समुद्रातली सात रात्रींची सफर असो की सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची, केबिनचा दर कंपनीच्या संगणकातून निघतो आणि तिच्या वेबसाइटवर, ओळखीच्या एजंटच्या स्क्रीनवर, ऑनलाइन पोर्टलवर आणि किराणा-फर्निचरासोबत सहलीही विकणाऱ्या अमेरिकी दुकानसाखळीच्या पानावर जवळपास सारखाच दिसतो. जाहीर दरापेक्षा कमी दराची जाहिरात करू नये, अशी अट बड्या जहाजकंपन्या आपल्या विक्रेत्यांवर घालतात. तरीही बेत ठरला की आपण पहिलं काम करतो ते पाच ठिकाणांहून कोटेशन मागवण्याचं. सोनं, फ्रीज, लग्नाचा हॉल अशा खरेदीत ही सवय पैसे वाचवते, क्रूझच्या खरेदीत बहुधा फक्त वेळ घालवते. कोटेशनांत फरक दिसलाच तर तो बहुतेकदा एकानं बंदराचे कर, टिप किंवा विमा धरलेला असतो आणि दुसऱ्यानं नसतो, एवढाच. माझं म्हणणं असं, की क्रूझ घेताना पारखायची ती गोष्ट वेगळीच आहे: पैसे दिल्यापासून जहाजावरून उतरेपर्यंत आपलं बुकिंग कुणाच्या ताब्यात राहणार, आणि काही बिघडलं तर फोन उचलणार कोण.

विमानाच्या तिकिटाशी तुलना केली तर यामागचं अर्थकारण कळतं. १९९५ साली डेल्टा या अमेरिकी विमानकंपनीनं एजंटांच्या दहा टक्के कमिशनवर कमाल मर्यादा घातली: देशांतर्गत जाऊन-येऊन तिकिटामागे ५० डॉलर. २००२ साली तिनं अमेरिकेतलं मूळ कमिशन बंदच केलं आणि बाकीच्या कंपन्या तिच्यामागून गेल्या. विमानाचं तिकीट लोक स्वतः काढू शकतात, असा हिशेब त्यामागे होता आणि तो खरा ठरला. जहाजकंपन्यांनी मात्र एजंट सोडला नाही. त्यांना जहाज भरूनच न्यावं लागतं, कारण रिकाम्या केबिनचं भाडं तर जातंच, शिवाय तिथल्या प्रवाशानं बारमध्ये, कसिनोत आणि किनाऱ्यावरच्या सहलींत उधळले असते ते पैसेही जातात. शिवाय पहिल्यांदा क्रूझ घेणारा माणूस बिचकतो. मळमळेल का, जेवायला काय मिळेल, आतल्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये गुदमरेल का, या शंका सोडवायला कुणीतरी बोलणारं लागतं. म्हणून जहाजकंपन्या आजही साधारण दहा ते सोळा टक्के कमिशन देतात, आणि ज्याची विक्री मोठी त्याला वरचा दर मिळतो.

ही टक्केवारी पूर्ण रकमेवर नसते, आणि इथेच बरेच गैरसमज होतात. समजा, दोघांच्या केबिनचे मिळून दोन हजार डॉलर झाले. त्यातले बंदराचे आकार, कर आणि कंपनीनं कमिशनबाहेर ठेवलेला भाग मिळून पाचशे डॉलर धरू. उरलेल्या दीड हजारावर दहा टक्क्यांनी दीडशे आणि सोळा टक्क्यांनी दोनशे चाळीस डॉलर होतात. विक्रेत्याकडे वाटायला आहे ते एवढंच. कुणी गिफ्ट कार्ड देतो, कुणी जहाजावर खर्चायला पन्नास-शंभर डॉलरचं क्रेडिट देतो, कुणी तासन्‌तास फोनवर बसून तुमच्या आईच्या गुडघ्यांना सोसतील अशी बंदरं शोधून देतो. हे सगळं त्याच दीडशे-दोनशे डॉलरांतून निघतं. त्यामुळे भरघोस गिफ्ट कार्डही हवं आणि रात्री अकरा वाजता फोन उचलणारा माणूसही हवा, ही अपेक्षा धरणारा ग्राहक शेवटी दोन्हीकडून नाराज होतो.

आता दुकानसाखळीची बाजू. अमेरिकेत कॉस्टको ही सभासदत्वावर चालणारी दुकानसाखळी क्रूझही विकते. बुकिंगवर ती आपल्याच दुकानात चालणारं शॉप कार्ड देते आणि वरच्या श्रेणीच्या सभासदांना वर्षातून एकदा दोन टक्के परतावाही मिळतो. यात फसवणूक काही नाही. तिचा नफा मुख्यतः सभासद वर्गणीतून येतो, म्हणून सहलीच्या कमिशनमधला मोठा वाटा ती ग्राहकाच्या हातात ठेवू शकते. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणारं, तिथे दर महिन्याला तांदूळ-दुधाची खरेदी करणारं, आधी दोन-तीन क्रूझ केलेलं मराठी जोडपं पुन्हा मायामीहून बहामाला निघालं असेल, तर त्यांनी ते कार्ड सोडण्यात काहीच अर्थ नाही. जहाज ठरलंय, केबिन कुठली हवी हे माहीत आहे, पासपोर्ट अमेरिकी आहे. विचारायचं असं काही शिल्लकच नाही. अशा खरेदीत एजंटला त्याच्या वेळेचा मोबदला देणं म्हणजे न घेतलेल्या सेवेचे पैसे मोजणं.

अडचण सुरू होते ती काही बदलायची वेळ आली की. कुणाच्याही मार्फत बुकिंग केलं की जहाजकंपनीच्या लेखी ते बुकिंग त्या विक्रेत्याचं होतं. तुम्ही थेट कंपनीला फोन करून केबिन बदला म्हणालात, तर बहुतेक वेळा नम्रपणे सांगितलं जातं, की आपल्या एजंटशी बोला. थेट घेतलेलं बुकिंग नंतर एजंटकडे सोपवण्याची सोय बऱ्याच कंपन्यांत असते, पण ठरावीक दिवसांतच, आणि एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे नेणं तर फारच किचकट असतं. उरलेली रक्कम भरायची अंतिम तारीख साधारणपणे निघण्याच्या ७५ ते १२० दिवस आधीची असते. तोवर दर उतरला तर बऱ्याच कंपन्या, आपापल्या अटींवर, नव्या दरानं बुकिंग करून देतात. पण कुणी मागितलं तरच. मागायचं कुणी? दुकानसाखळीत तुम्हीच रोज दर पाहायचा, तुम्हीच फोन लावायचा आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. चांगला एजंट हे आपणहून करतो. वाईट एजंट करत नाही आणि तुम्हाला कळूही देत नाही. म्हणजे एजंट हा प्रकार चांगला की वाईट या प्रश्नात अर्थ नाही. नाव घेऊन विचारायला हवं, की हा एजंट काय करतो.

कायद्याची बाजू याहून बोलकी आहे. जहाजकंपन्यांच्या तिकिटाच्या करारात बहुधा एक कलम असतं: प्रवाशानं निवडलेला एजंट हा सर्व अर्थांनी प्रवाशाचाच प्रतिनिधी आहे, त्यानं दिलेल्या शब्दाची वा त्याच्या आर्थिक स्थितीची जबाबदारी कंपनीवर नाही, आणि त्याच्याकडे पोहोचलेली सूचना ती प्रवाशाला पोहोचली असं धरलं जाईल. कमिशन देते कंपनी आणि माणूस म्हणे आपला! हे कलम सहसा कुणी वाचत नाही. अशा बारीक अक्षरांची किंमत काय असते ते १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दिसलं. कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट या खटल्यातलं दांपत्य वॉशिंग्टन राज्यातलं. त्यांनी आपल्या गावाकडच्या एजंटकडून ट्रॉपिकाल या जहाजाची सात दिवसांची सफर घेतली. एजंटनं पैसे मायामीला पाठवले, तिथून तिकिटं आली, लॉस एंजेलिसहून जहाज मेक्सिकोकडे निघालं. जहाजाचं स्वयंपाकघर दाखवायला नेलं असताना बाईंचा पाय चटईवरून घसरला आणि त्या पडल्या. त्यांनी आपल्या राज्यात दावा लावला, तर कंपनीनं तिकिटावरचं कलम पुढे केलं: कोणताही वाद फ्लोरिडातल्याच न्यायालयात चालेल. न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी कलम वैध ठरवलं. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी निकालपत्राला त्या तिकिटाची प्रतिकृतीच जोडली. अक्षरं किती बारीक होती ते वाचणाऱ्यानं स्वतःच पाहावं म्हणून. विक्रेता घराजवळचा होता, पण कराराचं घर मायामीतच होतं. पुण्यात किंवा ठाण्यात बसून परदेशी वेबसाइटवर कार्ड घासणाऱ्यानं हा निकाल लक्षात ठेवायला हवा.

याउलट भारतातल्या विक्रेत्याकडून घेतलं, तर निदान त्या विक्रेत्यापुरती गोष्ट वेगळी होते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. ऑनलाइन पोर्टलांना २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिनाभरात तिचा निपटारा करावा लागतो. नियम कागदावर चांगले आहेत. मात्र ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत’ हे वाक्य पोर्टलांच्या अटींत ठळकपणे सापडतं, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

माहितीच्या बाबतीत तर फरक आणखी उघडा पडतो. अमेरिकेतल्या मुलाकडे आलेल्या आईवडिलांना अलास्का दाखवायचा, हा मराठी घरांतला नेहमीचा बेत. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारं जहाज बहुधा वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतं. हौस म्हणून नव्हे. १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतच सुरू होऊन अमेरिकेतच संपणाऱ्या अशा सफरीत परदेशी बंदर गाठावंच लागतं. ते थोडके तासही भारतीय पासपोर्टवर आलेल्या आईवडिलांसाठी कॅनडाचा व्हिसा मागतात. अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा तिथे चालत नाही. मुलाकडे ग्रीन कार्ड असेल तर त्याला व्हिसा लागत नाही, म्हणून ते त्याच्या डोक्यातही येत नाही. कॉल सेंटरवरचा माणूस अमेरिकी नागरिकांसाठीचा नियम वाचून दाखवतो, की निघालेल्या बंदरातच परतणाऱ्या सफरीला जन्मदाखला आणि ओळखपत्र पुरतं. तो खोटं बोलत नाही. त्याच्यासमोरच्या पडद्यावर आईवडिलांचं राष्ट्रीयत्व नसतं, एवढंच. ग्रीसचंही तसंच. पिरियसहून निघालेलं जहाज तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीक बेटांकडे वळतं, तेव्हा प्रवासी शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन परत आत येतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपतो. आणि सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या होड्यांनी जुन्या बंदरावर उतरवतात. वर गावात जायला केबल कार, खेचरं, नाहीतर ५८८ पायऱ्या. केबल कारची रांग उन्हात किती लांबते ते तिथे जाऊन आलेला, किंवा दहा घरांना पाठवून त्यांच्या शिव्या खाल्लेला एजंटच सांगू शकतो. वडिलांची साठीशांत सहा केबिन घेऊन जहाजावर करायची, दोन जण जैन जेवण घेणारे, एका आजीला व्हीलचेअर, सगळ्यांनी एकाच टेबलावर एकाच वेळी जेवायचं, असा मामला असेल तर तो दुकानाच्या काउंटरवरचा उरत नाही. शिवाय मोठ्या गटाला अनेक कंपन्यांत साधारण सोळा प्रवाशांमागे एकाचं भाडं माफ होतं. ते मागायचं कसं आणि कधी, हेही एजंटलाच माहीत असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एजंट कमिशन देणाऱ्याचं गाणं गातो. खरं आहे. ज्या कंपनीकडून जादा टक्के मिळतात तिचं जहाज तो आधी दाखवणार. पण दुकानसाखळीही मर्जीतल्या कंपन्यांचीच जहाजं वर लावते, आणि थेट कंपनीच्या वेबसाइटवर तर दुसऱ्या कंपनीचं नावच नसतं. पक्षपात तिघांकडेही आहे. एजंटच्या बाबतीत समोरासमोर प्रश्न विचारून तो उघड करता येतो. ‘याच मार्गावर आणखी कोणाचं जहाज आहे, आणि तुम्ही ते का सुचवलं नाहीत?’ या प्रश्नाला चाचरत उत्तर देणारा एजंट सोडून द्यावा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग मधला माणूस हवाच कशाला, थेट घ्यावं. थेट घेतलं तर बुकिंग आपल्या हातात राहतं आणि पैसे एका हातानं कमी फिरतात, हे मान्यच. अनुभवी प्रवाशाला मी तेच सांगेन. फक्त थेट घेतल्यानं भाडं सहसा कमी होत नाही, आणि नवख्या माणसाला तर त्याच पैशांत मिळू शकली असती ती मदत सोडल्यासारखं होतं. तिसरा आक्षेप म्हणजे सगळी माहिती आता इंटरनेटवर आहे. आहे की! पण कुठली केबिन पोहण्याच्या तलावाच्या अगदी खाली येते आणि तिथे पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज होतो, कुठल्या ‘बाल्कनी’समोर लाइफबोट लटकते, हे शोधायला आधी तो प्रश्न सुचावा लागतो.

सर्वांत नाजूक भाग पैशांचा. मोठं नाव म्हणजे सुरक्षित, असं आपण गृहीत धरतो. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधली थॉमस कुक ही १७८ वर्षांची कंपनी रातोरात बंद पडली आणि जवळपास दीड लाख ब्रिटिश पर्यटकांना सरकारी यंत्रणेनं विमानं लावून घरी आणलं. (भारतातली थॉमस कुक २०१२ पासून वेगळ्या मालकीची, तिला धक्का लागला नाही.) त्यातल्या अनेकांच्या मागे एटॉल ही कायदेशीर हमी होती. कॅलिफोर्नियात प्रवासविक्रेत्यांना नोंदणी करावी लागते, ग्राहकांचे पैसे विश्वस्त खात्यात ठेवावे लागतात किंवा हमीपत्र द्यावं लागतं. आपल्याकडे देशभर लागू असं काही नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे आणि बऱ्याच ठिकाणी भाड्याच्या गाळ्यात उद्या कुणीही सहली विकायला बसू शकतो. त्यात परदेशी जहाजाचं बुकिंग कंपनीचा भारतातला प्रतिनिधी, घाऊक विक्रेता, मग शहरातला एजंट अशा दोन-तीन हातांतून जातं. जहाजकंपन्याही अमर नसतात. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून गाजावाजा करत निघालेलं जलेश क्रूझेसचं ‘कर्णिका’ पुढच्या वर्षाअखेरीस अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेलं.

१४ मार्च २०२० रोजी अमेरिकी आरोग्ययंत्रणेनं क्रूझ थांबवण्याचा आदेश काढला, तेव्हा परतावा कसा फिरतो ते सगळ्यांना कळलं. पैसे ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं परत येतात. ज्यांच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर जहाजकंपनीचं नाव होतं त्यांचा परतावा थेट कार्डावर यायचा होता. ज्यांनी एजंटच्या किंवा पोर्टलच्या खात्यात पैसे भरले होते त्यांना आधी कंपनीनं विक्रेत्याला देण्याची आणि मग विक्रेत्यानं आपल्याला देण्याची वाट पाहणं आलं. कंपन्या रोख परताव्याऐवजी पुढच्या सफरीसाठी सव्वापट क्रेडिट देऊ करत होत्या. ते घ्यावं की नाही, मुदत किती, कुणाच्या नावावर, या प्रश्नांसाठी पुन्हा एक फोन उचलणारा माणूस लागत होता.

भारतातून कोटेशन घेताना आणखी एक गोष्ट तपासावी. परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून विक्रेत्याला टीसीएस (म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घ्यावा लागतो. दर वेळोवेळी बदलले आहेत. तो खर्च नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो. पण एका कोटेशनात तो धरलेला आणि दुसऱ्यात नसला की स्वस्त-महागाचा आभास होतो. टिपचंही तेच: अनेक जहाजांवर माणशी रोजचे साधारण सोळा ते वीस डॉलर वेगळे लागतात. चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींत ही रक्कम साधारण साडेचारशे ते साडेपाचशे डॉलरांच्या घरात जाते.

माझा निष्कर्ष असा. एक केबिन, ओळखीचं जहाज, एकाच देशाचे पासपोर्ट, विमान नाही किंवा त्याची चिंता नाही, असं असेल तर दुकानसाखळी, पोर्टल किंवा थेट कंपनी यांपैकी जिथे जास्त काही हातात पडेल तिथून खुशाल घ्या. पहिलीच क्रूझ, दोन-तीन देशांचे व्हिसा, म्हातारी माणसं किंवा तीनहून अधिक केबिन असतील तर गिफ्ट कार्डाचा मोह सोडा आणि एजंट निवडा. मात्र त्याच्याकडून पैशांआधी तीन गोष्टी लेखी घ्या: रद्द केल्यास त्याचा स्वतःचा आकार किती, सुट्टीच्या दिवशी फोन कुणी उचलायचा, आणि कार्डावर नाव कुणाचं उमटणार. पैसे भरल्यावर जहाजकंपनीचा बुकिंग क्रमांक मागून घ्या, तो कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून पाहा, आणि नावाची स्पेलिंगं पासपोर्टप्रमाणे आहेत का ते तपासा. क्रमांक द्यायला कुणी दोन-चार दिवसांच्या पलीकडे टाळाटाळ केली तर लेखी तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.